रुमालाखालचा भाव आणि झेरॉक्सवाल्याचा कॉम्प्युटर

मार्च महिन्यातली संध्याकाळ. देवगड-जामसंड्याच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्म, सातबाऱ्याची प्रिंट, लॅमिनेशन, रिचार्ज, जे येईल ते. शटर ओढायच्या बेतात होतो तेवढ्यात काउंटरवरचा कॉम्प्युटर 'टिंग' वाजला. पाठोपाठ आणखी दोनदा. पडद्याच्या कोपऱ्यात चौकट उघडली आणि कुणाच्या तरी मुलीनं आईला लिहिलेलं वाक्य मला आयतं वाचायला मिळालं. ते वाक्य इथे सांगत नाही. तिच्या सासरच्या घरातलं होतं, एवढंच.

दुपारी एक काकी येऊन गेल्या होत्या. मुलानं व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ छापून हवी होती. त्यांच्या फोननं माझ्या पडद्यावरचा चौकोनी कोड स्कॅन केला, त्यांचं व्हॉट्सॲप माझ्या कॉम्प्युटरवर उघडलं, प्रिंट निघाली, काकी चारच्या गाडीनं गेल्या. लॉगआउट करायचं त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण मी तेव्हा मशीनमध्ये अडकलेलं कुणाचं तरी रेशनकार्ड सोडवत होतो.

मी लगेच लॉगआउट केलं आणि पुढच्या खेपेला काकी आल्या तेव्हा खरं काय ते सांगितलं. त्या आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "अरे पण थंय तर लिवलेला असता, मेसेज कोण वाचूक शकणा नाय म्हणान!"

त्यांचं चुकलं नव्हतं. प्रत्येक चॅटच्या सुरुवातीला तसं लिहिलेलं असतंच, आणि ते खरंही आहे. तरीही मी तो मेसेज वाचला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे त्या दिवशी मला काकींना नीट सांगता आलं नाही. म्हणून हे सगळं.

मुंबईच्या फळबाजारात हापूसचा सौदा रुमालाखाली व्हायचा, हे आंबेवाल्याच्या घरात वाढलेल्याला सांगायला नको. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात धरतात, वर कापड टाकतात आणि बोटांच्या खुणांनी भाव ठरतो. भोवती वीस माणसं उभी असतात, पण आकडा कुणाला कळत नाही. (बागायतदारांचा या रुमालावर जुना राग आहे, कारण आपल्याच आंब्याचा भाव आपल्यालाही दिसत नाही. पण तो विषय वेगळा.) व्हॉट्सॲपचं एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणजे हाच रुमाल. दोन हातांमध्ये काय चाललंय ते फक्त त्या दोन हातांना ठाऊक. मधल्या कुणालाही नाही. मोबाइल कंपनीला नाही, आणि ज्यांच्या सर्व्हरमधून मेसेज जातो त्या व्हॉट्सॲपलाही नाही.

आता प्रश्न असा की देवगडचा एक फोन आणि डोंबिवलीचा दुसरा, हात धरणार कसे? दोघांनी गुप्त खूण आधी ठरवायची तर ती खूण तरी पाठवायची कशातून? त्याच रस्त्यानं पाठवली तर मधला माणूस तीच पकडेल. हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. १९७६ साली व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोन अमेरिकनांनी त्यावरची युक्ती जगासमोर मांडली. गणित अवघड आहे, कल्पना मात्र आपल्या ट्रंकेच्या भाषेत सांगता येते.

समजा डोंबिवलीच्या मुलानं गावी आईकडे एक उघडं कुलूप पाठवलं. नुसतं कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात. आईनं ट्रंकेत वस्तू ठेवली, कुलूप दाबून लावलं आणि ट्रंक रात्रीच्या गाडीवर चढवली. आता ड्रायव्हर, क्लीनर, वाटेतला हॉटेलवाला, कुणीही ट्रंक उचलून बघो, हलवून बघो, उघडणार नाही. एकदा लावलेलं कुलूप खुद्द आईलाही उघडता येत नाही. किल्ली प्रवासाला निघालीच नव्हती, म्हणून ती वाटेत चोरीला जाण्याचा प्रश्नच येत नाही. तुमचा फोनही असंच करतो. तो उघडी कुलपं व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर ठेवून देतो, ज्याला तुम्हाला काही पाठवायचं असेल तो त्यातलं एक घेतो, आणि किल्ली तुमच्या फोनच्या बाहेर कधी पडत नाही. शिवाय कुलूप दर मेसेजला बदलतं, त्यामुळे एखादी किल्ली कुणाच्या हाती लागलीच तरी मागच्या सगळ्या ट्रंका उघडत नाहीत. ही रचना सिग्नल नावाच्या ॲपवाल्यांनी केली. व्हॉट्सॲपनं ती घेऊन एप्रिल २०१६ पर्यंत सगळ्यांना लागू केली.

यात एक फट राहते. मुलाचं म्हणून आलेलं कुलूप खरंच मुलाचं आहे, की वाटेत कुणी बदलून स्वतःचं पाठवलंय? त्यासाठी प्रत्येक चॅटमध्ये समोरच्याच्या नावावर दाबलं की 'एन्क्रिप्शन' असं दिसतं, आणि आत ६० आकडी नंबर आणि चौकोनी कोड असतो. दोन्ही फोनांवर तो सारखाच दिसला की मध्ये कुणी नाही. गणपतीला सगळे घरी येतात तेव्हा एकमेकांचा कोड स्कॅन करायला मिनिट लागत नाही. मी भावाबरोबर केलं. वहिनी म्हणाल्या, या दोघांना दुसरं काम नाही. खरं सांगायचं तर रोजच्या माणसाला याची गरज क्वचितच पडते. पण अधूनमधून चॅटमध्ये 'सुरक्षा कोड बदलला आहे' अशी ओळ येते, ती यातलीच. बहुतेक वेळा समोरच्यानं फोन बदललेला असतो किंवा ॲप पुन्हा टाकलेलं असतं. मात्र त्या ओळीनंतर लगेच तोच माणूस पैसे मागायला लागला, तर टाइप करू नका, फोन लावा आणि आवाज ऐका.

सगळ्या ॲपांचा रुमाल सारखा नसतो, हे आमच्याकडच्या पोरांनाही माहीत नसतं. टेलिग्राम म्हणजे लई गुप्त, असा एक समज आहे. टेलिग्रामचे साधे चॅट आणि ग्रुप कंपनीच्या सर्व्हरवर राहतात आणि त्यांची किल्ली कंपनीकडे असते. दोन टोकांमधलं कुलूप फक्त 'सीक्रेट चॅट' मुद्दाम सुरू केलं तरच लागतं, आणि तेही दोघांपुरतंच. फेसबुकच्या मेसेंजरनं खाजगी चॅटना हे कुलूप आपोआप लावायला डिसेंबर २०२३ मध्ये सुरुवात केली. इन्स्टाग्रामवर ते आपोआप लागत नाही. आणि जुना एसएमएस म्हणजे सरळ पोस्टकार्ड, पोस्टमननं वाचलं तरी तक्रार करायची सोय नाही. शिवाय व्हॉट्सॲपमध्येच मेटा एआयला विचारलेला प्रश्न हा दोन माणसांमधला मेसेज नसतो; तो कंपनीकडेच जातो, कारण उत्तर देणारी तीच.

परत रुमालाकडे येतो. आकडा झाकलेला असतो, पण कोणाचा हात कोणाच्या हातात आहे आणि किती वेळ आहे, ते बाजारात सगळ्यांना दिसतं. अमक्या दलालानं तमक्याशी पहाटे तीनदा हात मिळवला, एवढ्यावरून मुरलेला माणूस बरंच काही ओळखतो. चॅटचंही तसंच आहे. तुम्ही काय लिहिलं ते व्हॉट्सॲपला कळत नाही. पण तुमचा नंबर, तुम्ही कोणाशी आणि कधी जोडले गेलात, कोणत्या ग्रुपात आहात, कुठल्या इंटरनेटवरून आलात, ही बाहेरची नोंद कंपनीकडे असू शकते. रात्री अकरा वाजता एखाद्या वकिलाला सलग चार दिवस मेसेज गेले, तर मजकूर न वाचताही गोष्ट अर्धी कळते. सिग्नल ही नोंदसुद्धा जवळजवळ ठेवत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत त्यांच्याकडे न्यायालयीन चौकशीतून एका खात्याची माहिती मागितली गेली, तेव्हा खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, या दोन तारखांपलीकडे द्यायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. म्हणून सगळ्यांनी सिग्नल घ्यावं असं मी म्हणत नाही. आमच्या वाडीत सिग्नल घेतलं तर बोलायचं कोणाशी?

इथवर रस्त्याची गोष्ट झाली. रस्ता पक्का आहे. माझ्या दुकानात बसून मी जे बघतो ते सगळं रस्त्याच्या दोन टोकांना घडतं, आणि तिथे गणित कामाला येत नाही.

पहिलं टोक म्हणजे काकींचं: जोडलेली उपकरणं. व्हॉट्सॲप तुमच्या फोनखेरीज आणखी चार उपकरणांवर एकाच वेळी चालू शकतं. एकदा जोडलं की तुमचा फोन बंद असला तरी ते चालत राहतं. मुख्य फोन दोन आठवडे वापरलाच नाही तर कुठे आपोआप सुटतं. म्हणजे काकी फोन वापरत होत्या तोवर माझ्या कॉम्प्युटरवर त्यांचं घर उघडंच राहिलं असतं. तीन टिंबांवर दाबून 'लिंक केलेली डिव्हाइस' उघडा. तिथे यादी असते, कोणतं उपकरण, शेवटचं कधी चाललं. ओळखीचं नसेल त्यावर बोट ठेवा आणि लॉगआउट करा. मी आता प्रिंटला येणाऱ्या प्रत्येकाला ही यादी उघडायला लावतो. एका कॉलेजच्या मुलाच्या यादीत तीन कॉम्प्युटर निघाले, एकही त्याचा नव्हता.

एकदा एक मुलगी आली होती. फोन स्लो झालाय म्हणाली. यादीत एक उपकरण चालू होतं, घरातल्याच कुणाचं. तिचं तिला लगेच कळलं, मी काही विचारलं नाही. आपण चोर म्हटलं की परराज्यातला कुणीतरी डोळ्यांसमोर आणतो, पण उपकरण जोडायला लागतो उघडा फोन आणि अर्धं मिनिट, आणि ते अर्धं मिनिट सगळ्यात सोप्या रीतीनं घरातच मिळतं. अशा वेळी यादी साफ करायची, फोनचा पिन बदलायचा, आणि हवं तर जे चॅट झाकायचं त्याला 'चॅट लॉक' लावायचं. ते २०२३ पासून आहे. चॅट वेगळ्या कप्प्यात जातं आणि त्याच्या नोटिफिकेशनमध्ये नाव-मजकूर दिसत नाही. मात्र लॉक लावलेलं दिसलं की घरात नवा तमाशा होऊ शकतो, हेही आहे. तिथे कोणतं बटण दाबायचं हे मला कोण सांगणार आणि मी कोणाला सांगणार.

उपकरण लांबूनही जोडता येतं, कोड स्कॅन न करता, आठ अक्षरी कोड टाकून. 'हा फोटो तुमचाच का?' अशी लिंक येते, आत नंबर मागतात, मग एक कोड दाखवतात आणि तो व्हॉट्सॲपमध्ये टाका म्हणतात. टाकला की चोराचा कॉम्प्युटर तुमच्या यादीत. तुमचा फोन चालूच राहतो, म्हणून संशय येत नाही.

याहून जुना प्रकार म्हणजे अख्खं खातं पळवणं. आंब्याच्या सीझनला तो हमखास होतो, कारण तेव्हा बागायतदार अनोळखी नंबरालाही 'हां साहेब, बोला' म्हणतो. माझ्या ओळखीचे एक दादा पेट्या भरत होते, हाताला पेंढा लागलेला. फोन आला, पुण्याचं गिऱ्हाईक, चाळीस पेट्या. ऑर्डर पक्की करायला सहा आकडी नंबर येईल तो सांगा. दादांनी सांगितला. तो व्हॉट्सॲपचा नोंदणी कोड होता. दहा मिनिटांत त्यांच्या नावानं अर्ध्या गिऱ्हाइकांना 'ॲडव्हान्स या नंबरवर टाका' असे मेसेज गेले. इथे कुलूप फुटलं नाही. किल्लीचा मालक कोण, हेच बदललं. असं झालं तर लगेच आपल्या फोनवर आपल्याच नंबरानं पुन्हा नोंदणी करायची. एसएमएसचा कोड आपल्याकडे येतो आणि चोर बाहेर पडतो. पण त्यानं आत शिरल्याबरोबर स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर सात दिवस थांबावं लागतं, आणि मे महिन्यातले सात दिवस म्हणजे काय ते दादांना विचारा. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, १९३० या नंबरावर फोन, जितका लवकर तितका बरा.

म्हणून तो पिन चोराच्या आधी आपण लावायचा. सेटिंग्ज, अकाउंट, 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन', सहा आकडे. मग एसएमएसचा कोड सांगून बसलात तरी हे सहा आकडे चोराकडे नसतात. जन्मतारीख आणि १२३४५६ सोडून काहीही. सोबत ईमेलही द्या, पिन विसरलात तर तोच उपयोगी पडतो.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून येणाऱ्या फाइलींचं एका ओळीत सांगतो: फोटो किंवा पीडीएफ असेल तर पत्रिका, फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ते ॲप आहे, आणि ते फोनमध्ये बसलं की पडदा, एसएमएस सगळं वाचू शकतं. रुमालाच्या आत तिसरा हात शिरल्यावर रुमाल काय करणार.

बॅकअपकडे जवळपास कुणाचं लक्ष नसतं, आणि मला तीच सगळ्यात मोठी फट वाटते. फोन खाडीत पडला तरी चॅट परत मिळतात ते गुगल ड्राइव्ह नाहीतर आयक्लाउडवर प्रत ठेवलेली असते म्हणून. ट्रंक कुलपात गेली, मुलानं ती उघडली, आणि आतल्या सगळ्याची झेरॉक्स काढून दुसऱ्याच्या गोदामात ठेवली, असं ते आहे. वाटेतलं कुलूप त्या प्रतीला लागू होत नाही. २०२१ मध्ये व्हॉट्सॲपनं प्रतीलाही कुलूप लावायची सोय दिली, पण ती आपण चालू केली तरच: सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, आणि तळाशी 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप'. तिथे पासवर्ड द्यायचा. तो विसरलात आणि फोनही गेला तर बॅकअप कंपनीलाही उघडता येत नाही, मला तर नाहीच. दोन जण माझ्याकडे रडत येऊन गेलेत. मी वयस्कर माणसांना सांगतो, वहीत लिहा आणि सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. पासवर्ड कागदावर लिहू नये असं शहाणे म्हणतात. ऑनलाइन चोराचा हात घरातल्या कपाटापर्यंत पोचत नाही, म्हणून मी ऐकत नाही. आणि हा बॅकअप एकट्यानं चालू करून भागत नाही. समोरच्याचा उघडा असेल, तर तुमच्या चॅटची एक प्रत त्याच्या गोदामात पडलेलीच आहे.

समोरचा म्हणजे दुसरं टोक. आमच्या भावकीच्या ग्रुपात ऐंशी जण आहेत. अर्धे मुंबईत, दोन दुबईला, काहींना मी ओळखतही नाही. सामायिक जमिनीचं बोलणं तिथे चालतं. ऐंशी हात एका रुमालाखाली घातल्यावर ते गुपित राहील का? गेल्या शिमग्याला एका काकांनी रागाच्या भरात लिहिलेली ओळ त्यांनी पाच मिनिटांत 'सगळ्यांसाठी डिलीट' केली. ते करायला दोन दिवसांहून थोडी जास्त मुदत मिळते, पण तोवर तिचा स्क्रीनशॉट दुसऱ्या ग्रुपात पालखीसारखा फिरत होता. एकदाच दिसणारा फोटो असो वा आपोआप नाहीसे होणारे मेसेज, शेजारच्या फोननं पडद्याचा फोटो काढणाऱ्याला कोण अडवणार? एप्रिल २०२५ पासून 'ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' नावाचं बटण आहे. ते चॅट एक्सपोर्ट करणं आणि फोटो आपोआप गॅलरीत उतरणं थांबवतं. स्क्रीनशॉट थांबवत नाही. आणि तुमची कुणी तक्रार केली तर तुम्ही त्याला पाठवलेले शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सॲपकडे जातात. त्यासाठी कुलूप तोडावं लागत नाही, समोरचाच ते दाखवतो.

कायद्याचं थोडक्यात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. २०२१ च्या आयटी नियमांत मात्र, मोठ्या मेसेजिंग कंपन्यांनी गरज पडल्यास एखादा मेसेज मुळात कुणी सुरू केला ते सांगावं, अशी तरतूद आली. असं करायचं तर रुमालच काढावा लागेल, असं म्हणत व्हॉट्सॲप त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात गेलं.

काकींना यातलं किती सांगितलं? फार नाही. ट्रंकेची गोष्ट त्यांना पटकन कळली, त्यांचा मुलगा खरंच रात्रीच्या गाडीनं खोकी मागवतो. यादी उघडून दाखवली, ती त्यांनी स्वतः दोनदा उघडून बघितली. मग मी मोठ्या रुबाबात सांगितलं, आता कोड स्कॅन करायचीच गरज नाही, माझ्या दुकानाच्या नंबरावर पीडीएफ पाठवायची, मी प्रिंट काढून देतो. काकींनी लगेच आधारकार्ड पाठवलं. प्रिंट घेतली, घडी केली, पिशवीत ठेवली, आणि निघता निघता वळून विचारलं, "मगे माझो आधार तुझ्या फोनात आजून आसा?"

होताच. मी दुकानाचा फोन उघडला आणि वर सरकवत गेलो. आधार, पॅन, बँकेची पासबुकं, कुणाच्या तरी मृत्यूचा दाखला, तपासणीचे रिपोर्ट, सगळं दोन वर्षांचं, आणि वर त्याचा बॅकअप, कुलूप न लावलेला. लोकांना टोकं दाखवत फिरणारा मी, त्या सगळ्यांचं दुसरं टोक मीच होतो.

त्या रात्री दुकान साडेदहाला बंद केलं. चॅट साफ केले, गॅलरी साफ केली, बॅकअप पुसला, आणि 'डिसअपियरिंग मेसेज' २४ तासांवर लावला. काउंटरवर पाटी लावली आहे: 'आधार देताना शेवटचे चारच आकडे दिसणारं चालत असेल तर तेच पाठवा. प्रिंट झाली की तुमच्यासमोर डिलीट करतो. विसरलो तर आठवण करा.' काकी दर खेपेला करतात. वाचता येत असूनही पाटीकडे बघत नाहीत, सरळ माझ्या फोनकडे बोट दाखवून उभ्या राहतात.